पाणपिसूची नाडी

बैलाची नाडी शेपटीच्या मुळाशी, खालच्या अंगानं लागते. तिथं दोन बोटं दाबून धरली की धडधाकट बैलाचे मिनिटाला ५०-६० ठोके मोजता येतात. माणसाचे ७०-७२. अंगावर बसलेल्या कोंबडीचं चार-पाच दिवसांचं अंडं अंधारात बॅटरीसमोर धरलं, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे एक ठिपका फुरफुरताना दिसतो. जितं काळीज डोळ्यांनी बघायचं तर एवढंच, अशी माझी साठी उलटेपर्यंत समजूत होती. बकऱ्याचं काळीज बघतो आपण, पण ते थांबल्यावर.

मग गेल्या पावसाळ्यात मी माझ्याच शेततळ्यातल्या एका किड्याचं काळीज बघितलं. राळ्याच्या दाण्याएवढा किडा. त्याला डॅफ्निया म्हणतात, मराठीत पाणपिसू. पिसवेशी त्याचं नातं काही नाही, तो खेकड्याच्या आणि झिंग्याच्या गोतातला. उड्या मारत पोहतो म्हणून हे नाव पडलं. जान स्वामरडाम म्हणून हॉलंडमध्ये एक निरीक्षक होऊन गेला, त्यानं १६६९ साली त्याला पाण्यातली पिसू म्हटलं, तेच पुढं चालू राहिलं. आपल्याकडं या जिवाला गावात वेगळं नावच नाही. 'पाण्यात किडं झाल्यात' एवढंच आपण म्हणतो आणि घागरीच्या तोंडाला फडकं बांधतो.

नात अकरावी सायन्सला आहे. तिच्या कॉलेजात प्रयोग होता, दारूचा हृदयाच्या ठोक्यांवर काय परिणाम होतो हा. सरांनी सांगितलं होतं, ज्याच्या शेतात तळं असेल त्यानं पाणी आणावं. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा आम्ही मागितलं होतं. त्यात कटला, रोहू सोडलेले आहेत, आणि माशांच्या पिलांचं पहिलं खाणं म्हणजे हेच किडे. बरणीच्या तोंडाला मलमल बांधून आम्ही दोघांनी कडेचं पाणी धरलं. दप्तर, बरणी आणि नात यांना गाडीवर घेऊन मीच कॉलेजात गेलो. सर भले माणूस. म्हणाले, "थांबा की आबा, बघूनच जावा."

दुर्बिणीखाली बघितलं आणि क्षणभर मला कळेना की मी काय बघतोय. किड्याचं अंग काचेसारखं. एकच काळाभोर डोळा, सारखा थरथरणारा. मधून हिरवी आतडी गेलेली, शेवाळ खाल्लेलं स्पष्ट दिसत होतं. आणि पाठीच्या बाजूला, आतडीच्या वर, एक इवलीशी पारदर्शक पिशवी, एवढ्या वेगानं मिटत-उघडत होती की बघणाऱ्याचा श्वास लागावा. तेच काळीज. त्याच्या मागं पाठीवरच्या पोकळीत पाच-सहा गोल दाणे होते. नात म्हणाली, "ती अंडी हायत आबा. मादीच हाय. बरे दिवस असले की नर लागतच नाही, नुसत्या माद्याच माद्यांना जन्म देत्यात."

ठोके मोजायची त्यांची पद्धत मला फार आवडली. डोळा दुर्बिणीला, हातात पेन, आणि प्रत्येक ठोक्याला कागदावर एक ठिपका. १५ सेकंद झाले की थांबायचं, ठिपके मोजायचे आणि चारनं गुणायचं. तोंडानं मोजायला गेलं तर आकडा म्हणेपर्यंत दोन ठोके निघून जातात. नातीनं पहिल्यांदा नुसत्या तळ्याच्या पाण्यात मोजले, ५८ ठिपके. म्हणजे मिनिटाला २३२. तिनं ते तीनदा केलं. दुर्बिणीच्या दिव्यानं पाणी तापतं आणि पाणी तापलं की या जिवाचं काळीज आपोआप पळायला लागतं, म्हणून नुसत्या दिव्यानं काय फरक पडतो ते आधी बघायचं असतं. नाहीतर दिव्याचा गुन्हा दारूवर जायचा. हे मला पटलं. आमच्या गावच्या पंचायतीत एवढी काळजी घेत नाहीत.

मग सरांनी शंभराला दोन भाग स्पिरिट मिसळलेलं पाणी दिलं. काचेवरचं पाणी टिपून घेतलं, हे घातलं, जरा वेळ जाऊ दिला. ४१ ठिपके. १६४.

किडा दारू पीत नाही. हे मला तिथं बसल्या बसल्या उमगलं आणि पुढं महिनाभर डोक्यातून गेलं नाही. त्याला शिरा नाहीत, धमन्या नाहीत, रक्त अंगाच्या पोकळीतच खेळतं, आणि बाहेरचं पाणी अन् आतलं रक्त यांत एक पातळ पापुद्रा. तो ज्यात पोहतो ते त्याच्यात शिरतं. त्यानं तोंड मिटलं तरी शिरतं.

माणसाचं वेगळं, असं सर म्हणाले. माणसाच्या पोटात दारू गेली की रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो, आणि तो सावरायला काळीज जास्त पळतं. म्हणजे किड्याचा ठोका मंदावतो, माणसाचा वाढतो. तेव्हा किड्याला पाजून माणसाचं कळतं, असं सरळ म्हणता येत नाही. मग कळतं काय? दारू ही जिवंत पेशीला गप्प करणारी चीज आहे, एवढं नक्की कळतं. ओव्हरटन नावाच्या शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या तोंडावर बेडकाची पिलं निरनिराळ्या द्रावणांत सोडून बघितली होती. कशात ती किती लवकर निपचित पडतात आणि साध्या पाण्यात घातल्यावर पुन्हा पोहतात का, हे. माणसाला शस्त्रक्रियेसाठी भूल कशी चढते याचा पहिला अंदाज त्यातून बांधला गेला, त्याचं पुस्तक १९०१ चं आहे. आणि त्याच्याही आधी, १८८४ साली, मेचनिकॉव्हनं याच पाणपिसूच्या आरपार दिसणाऱ्या अंगात बघितलं की बाहेरून शिरलेल्या बुरशीला रक्तातल्या पेशी घेरून गिळतात. आपल्या अंगातली रोगाशी लढणारी फौज पहिल्यांदा दिसली ती अशी. त्याचं अंग पारदर्शक म्हणून आपल्याला आपलं अंग कळलं.

नातीनं विचारलं, "सर, हिला आता बेसिनमध्ये टाकायचं का?" सर म्हणाले, "टाक की." ती टाकेना. तिनं स्पिरिटचं पाणी टिपून काढलं, बरणीतलं तळ्याचं पाणी घातलं आणि बसून राहिली. दहा मिनिटांनी पुन्हा ठिपके मारले, ५२. म्हणजे २०८. "परत यायलंय बघा," ती म्हणाली. बाकीची पोरं पुढच्या प्रयोगाला गेली होती.

गाडीवरून येताना तिचा प्रश्न होता, हे बरं का वाईट. किड्यानं काही मागितलं नव्हतं. मी लगेच उत्तर दिलं नाही. शेतकऱ्याच्या हातानं किडे मरतात त्याची मोजदाद कोण करणार? डाळिंबावर फवारा मारतो तेव्हा एका पंपात लाख जीव जात असतील. पण तिचा प्रश्न मरण्याचा नव्हता. जाणून घेण्यासाठी दुसऱ्याच्या काळजाला हात लावायचा का, हा होता.

मला आठवला नारू. आताच्या पिढीला हा शब्दही माहीत नाही. माझं आजोळ तुळजापूरकडचं, तिथं पायऱ्यांची विहीर होती. बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागर भरायच्या. आजीच्या पोटरीतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा बाहेर यायचा, तो ती काडीला गुंडाळायची, रोज बोटभर, तुटू न देता. तुटला तर पाय सडायचा. तो पाय पाण्यात बुडाला की नारूची मादी पाण्यात पिलं सोडायची, ती पिलं सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक किडा खायचा, आणि तो किडा पाण्याबरोबर आमच्या पोटात जायचा. हा सायक्लॉप्स म्हणजे पाणपिसूचा भाऊबंदच. मग सरकारी माणसं आली. विहिरींत टेमिफॉस नावाचं औषध टाकलं, पायऱ्या बंद केल्या, हातपंप दिले, पाणी गाळून प्या म्हणून घरोघरी सांगितलं. देशातला शेवटचा नारूचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. किती विहिरींतले किती सायक्लॉप्स मेले असतील! त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. मीही हळहळत नाही. आजीची पोटरी मी बघितली आहे.

पण त्याच काळात सोलापुरात आमच्या ओळखीचं एक जैन घर होतं. तिथं पाणी गाळायचे ते आमच्यासारखं स्वतःच्या पोटासाठी नव्हे. गाळून झालं की ते फडकं उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं अलगद धुवून ते धुवण विहिरीत परत सोडायचे. त्याला ते जिवाणी म्हणत. ज्या विहिरीतून पाणी काढलं त्याच विहिरीत जिवाणी जायची, दुसरीत नाही. लहानपणी मला हसू यायचं. डोळ्याला न दिसणाऱ्याची ही एवढी खातिरदारी! आता हसू येत नाही. नातीनं त्या दिवशी जे केलं ते हेच होतं, आणि तिला कुणी शिकवलं नव्हतं.

कायद्याचं म्हणाल तर प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा आपला कायदा १९६० चा. त्यात प्राणी म्हणजे कोण, याची व्याख्या केली आहे: माणूस सोडून कोणताही सजीव. त्यात बैल बसतो तशी पाणपिसूही बसते. कॉलेजातली बेडूक फाडायची पद्धत विद्यापीठ अनुदान आयोगानं २०११ पासून कमी करत आणली. ते चांगलंच झालं. एका वर्गासाठी तीस बेडूक हवेत कशाला? पण सगळंच बंद करा, पडद्यावर दाखवा, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. नातीला पुस्तकात वाचून कळलंच असतं की दारूनं ठोके मंदावतात. पण पुस्तकात वाचून ती किडा बेसिनमध्ये टाकायची थांबली असती का? स्वतःच्या पेनानं ठिपके मारले म्हणून तिला ते काळीज काळीज वाटलं. तेव्हा माझं मत असं झालं आहे की करावं, पण थोडं करावं, सौम्य करावं, आणि ज्याचं घेतलं त्याला जमेल तेवढं परत करावं.

हे मत सांगून मी मोकळा झालो असतो. पण तात्याची आठवण आली आणि विषय वेगळ्याच वाटेला लागला.

तात्या माझा चुलतभाऊ, दोन वर्षांनी थोरला. बैलाची नाडी धरायला मला त्यानंच शिकवलं. उसाच्या गाडीवर त्याच्यासारखा माणूस नव्हता. चढाला बैलाला कधी चाबूक लावला नाही, नुसतं जिभेनं टकटक करायचा. पहिल्यांदा हातभट्टीची, मग देशी, अशी त्याची पंचवीस वर्षं गेली. शेवटी शेवटी धाप लागायची, पाय सुजायचे. सोलापुरात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मनगट धरलं आणि मलाही धरून बघायला सांगितलं. दोन ठोके चिकटून, मग एक गायब, मग तीन घाईघाईत. वाट चुकलेल्या जनावरासारखी नाडी. डॉक्टर म्हणाले, दारूनं काळजाचा स्नायू सैल पडलाय, पिशवी फुगलीय, रेटा राहिला नाही. सोडली तर बरंच परत येऊ शकतं.

लेक त्याला मंगळवेढ्याकडं आपल्या गावी घेऊन गेली. त्या गावच्या बायकांनी दोनेक वर्षांपूर्वी बाटली आडवी केली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली तर दारूदुकानासाठी मतदान लावता येतं. चिठ्ठीवर एक उभी बाटली, एक आडवी. पुरेशी मतं आडवीला पडली की दुकानाला कुलूप. तर त्या गावात तात्या आठ महिने राहिला. आठ महिने एक थेंब नाही. पाय उतरले, नातवाला खांद्यावर घेऊन जत्रेला गेला. मी भेटायला गेलो तेव्हा मनगट पुढं करून म्हणाला, "बघ की रं, बैलावानी चालायलीय का न्हाय?" पूर्ण सरळ नव्हती, पण चालत होती.

मग पेरणीला गावी आला. आमच्या फाट्यावर दुकान आहे. एस्टीतून उतरलं की पहिलं दार तेच. बाजूला अंडा-भुर्जीची गाडी, तिच्यासमोर बाकडं, बाकड्यावर त्याचे चाळीस वर्षांचे सोबती. पंधरा दिवस तात्या तोंड फिरवून घरी आला. सोळाव्या दिवशी बसला. पुढच्या चैत्रात गेला.

मयतीला आलेला प्रत्येक माणूस म्हणाला, "मनाचा कच्चा होता." मीही त्यावर मान हलवली असेन. पण दुर्बिणीखालच्या त्या किड्यानंतर मला ते वाक्य पुरेसं वाटत नाही. किड्याला कुणी मनाचा कच्चा म्हणत नाही. त्याचं पाणी बदललं, ठोका मंदावला. पाणी पुन्हा बदललं, ठोका परत आला. तात्याचंही तसंच झालं, डोळ्यांदेखत झालं. मंगळवेढ्यात मन पक्कं आणि फाट्यावर कच्चं, असं एकाच माणसाचं मन एस्टीच्या दीड तासात बदलतं का?

आणि फाट्यावरचं पाणी दारूचं कुणी केलं? सोलापूर जिल्ह्यात तीसहून जास्त साखर कारखाने आहेत. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, पाणी आलं, पाण्यामागं ऊस आला, उसामागं कारखाने. एक टन उसातून साखर निघाल्यावर चाळीस-पंचेचाळीस किलो मळी उरते, आणि टनभर मळीतून सव्वादोनशे-अडीचशे लिटर अल्कोहोल निघतं. म्हणजे माझ्या शेतातल्या टनामागं दहाएक लिटर. ते सगळं बाटलीत जात नाही हेही खरं. आता पेट्रोलमध्ये जातं, औषधात जातं, करोनात हाताला चोळायलाही तेच होतं. ऊस पिकवणं हा गुन्हा आहे असं मी मानत नाही. पण तात्याच्या ग्लासात जे होतं त्याची वाट कुठून कुठून आली हे मला माहीत आहे, आणि त्या वाटेवर पैसे मिळवणारे किती, तेही. त्यात सरकारचा कर आला. कायद्याचं तर विचारूच नका. आपल्याकडचा कायदा १९४९ चा आणि तो दारूबंदीचा! प्यायला परवाना लागतो आणि तो परवाना प्रकृतीच्या रक्षणासाठी म्हणून देतात. तात्याची प्रकृती किती रक्षली गेली ते मी सांगितलंच.

या मळीच्या पाण्याचंही थोडं सांगतो, कारण ते याच विषयात येतं. एक लिटर अल्कोहोल काढलं की मागं आठ ते पंधरा लिटर काळं, सडका वास मारणारं पाणी उरतं. पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकणारं. ते ओढ्यात आलं की काय होतं हे ऊसपट्ट्यातल्या प्रत्येकानं केव्हा ना केव्हा बघितलं आहे. सकाळी मासे पोट वर करून. मासे दिसतात म्हणून बातमी होते, त्यांच्याआधी पाणपिसू गेलेल्या असतात, त्यांची बातमी होत नाही. आता असं पाणी बाहेर सोडायचंच नाही असा डिस्टिलऱ्यांना नियम आहे. आणि इतर कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी आपल्या सरकारी मानकांत एक कसोटी लिहिलेली आहे, मला ती फार शहाणपणाची वाटते: निव्वळ त्या सांडपाण्यात मासे सोडायचे, ९६ तासांनी शंभरातले नव्वद जिवंत पाहिजेत. परदेशात हीच कसोटी पाणपिसूवर घेतात. एक दिवसाच्या आतली पिलं, ४८ तास. म्हणजे पाणी बरं की वाईट हे विचारायचं कुणाला, तर जो त्यात राहतो त्याला. मीटर पाण्यात काय आहे ते सांगतं. पाणी सोसतं का, हे त्यात राहणारा सांगतो.

गावाच्या पाण्याची कसोटी कशी घ्यायची मग? मला वाटतं तात्यासारखी माणसं हीच ती कसोटी. शंभरातली नव्वद तगली, दहा गेली. आपण दहांना नावं ठेवतो, पाणी तसंच ठेवतो.

इथवर माझा विचार आला होता आणि मला तो बराच बरोबर वाटत होता. पण यात एक अडचण आहे आणि ती खुद्द तात्यानंच घालून ठेवली आहे. शेवटच्या महिन्यात मी त्याच्या उशाला बसलो होतो. बोलता बोलता मी म्हणालो, ते दुकान फाट्यावर नसतं तर ही पाळी आली नसती. तात्या चिडला. धापा टाकत म्हणाला, "दुकानाचं नाव घेऊ नगंस. दुकान काय उठून आलं व्हय माज्या तोंडात? मी चालत गेलो. मी पेलो. एवढं तरी माजं ऱ्हाऊ दे की."

'एवढं तरी माझं राहू दे.' हे मी किड्यावरून कसं समजून घेऊ? पाणपिसूच्या अंगात दारू शिरते, ती पीत नाही. तात्या पीत होता. त्याचा दोष काढून घेतला तर त्याला बरं वाटायला हवं होतं, पण त्याला वाटलं मी त्याचं माणूसपणच काढून घेतोय. बैलाला ज्यानं कधी चाबूक लावला नाही त्या माणसाला, मरताना का होईना, आपल्या पायांचा कासरा आपल्या हातात हवा होता. त्याला तू बिचारा, तुझं पाणीच वाईट होतं, असं म्हणणं म्हणजे त्याला काचेवर ठेवून वरून बघणं झालं.

म्हणून मी आता हिशेबाची दोन खाती करतो. एक तात्याचं. त्यात काय लिहायचं ते त्यानं स्वतः लिहिलं आहे, आपण त्यात खाडाखोड करायची नाही, आणि मयतीत उभं राहून मोठ्यानं वाचायचंही नाही. दुसरं पाण्याचं. ते आपलं सगळ्यांचं. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात वळती केली की दोन्ही खोटी होतात. दारूबंदीवाले आणि 'ज्याचं त्यानं बघावं'वाले, दोघंही हीच वळती करतात, उलट्या दिशांनी. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. दोन्ही वेळा पेपरात जे वाद झाले ते मी वाचले. एक बाजू नुसतं पाणी बघत होती, दुसरी नुसता पिणारा. गडचिरोलीची बंदी १९९३ पासून आहे, ती बायांनी आणि गावांनी मागून घेतलेली, आणि तिथलं बोलणं मला जरा वेगळं वाटतं, कारण ते स्वतःच्या पाण्याबद्दल बोलतात.

आमच्या गावात सध्या सह्या गोळा करायचं काम चालू आहे. पुढाकार बचत गटाच्या बायांचा, मी फक्त यादीतली नावं तपासून देतो, मतदार यादीशी स्पेलिंग जुळलं नाही की पडताळणीत सही बाद करतात म्हणून. २५ टक्क्यांना अजून थोड्या कमी आहेत. सगळ्यांना वाटलं होतं पहिली सही वहिनीची पडेल. तात्याची बायको, तिच्याइतकं कुणी सोसलंय?

वहिनीनं सही केली नाही. मी गेलो तेव्हा ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "भावजी, तुमी म्हणताय ते समदं खरं. पर थोरलं पोरगं बी प्यायलाय आता. हितलं दुकान मिटलं की ते गाडीवर मोहोळला जाणार. जाताना शुद्धीत जाईल, येताना हायवेनं कसं येईल? हितं पितंय तवर रात्री निदान दारात येऊन पडतंय. मला दिसतंय."

मी म्हणालो, मंगळवेढ्याला तात्या आठ महिने राहिलेच ना.

"ते म्हातारे होते. गाडी न्हवती त्यांच्याजवळ."

मी कागद घडी करून खिशात ठेवला. पुढच्या सोमवारी पुन्हा गेलो, तेव्हा तिनं चहा केला आणि पोराला बाहेर बोलावून माझ्यासमोर बसवलं. तो खाली मान घालून बसला होता. वहिनी म्हणाली, "ह्याला इचारा. ह्यो म्हणाला तर करते सही." पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, उसाला पाणी द्यायचं हाय, लाईट यायची येळ झाली," आणि उठून गेला. कागद अजून माझ्या खिशातच आहे.